जानवशाला दिलेलं घर

मुन्सफ कोर्टात भुवनेश्वरी जिंकली, आणि हरली ती हळदीकुंकवाच्या एका तबकापुढे. तंजावरच्या मेल वीदीत, म्हणजे पश्चिमेकडच्या रस्त्यावर, आजही ही गोष्ट निघाली की बायका गप्प होतात आणि पुरुष कायद्याची कलमं सांगायला लागतात. कलमांना काय धाड भरली होती? कलमं तर सगळी तिच्याच बाजूची होती.

घर सीतारामरावांचं. मेल वीदीत त्यांची दोन घरं, भिंतीला भिंत लागून. एकात ते स्वतः राहत, दुसऱ्यात भाड्यानं वैद्यनाथ आणि भुवनेश्वरी. वैद्यनाथ वीज मंडळात कारकून, भुवनेश्वरी प्राथमिक शाळेत मास्तरीण, मुलगी विनुता कॉलेजात. दोन्ही कुटुंबं आपलीच, मराठी बोलणारी; राजांबरोबर आलेली आणि राजे संपले तरी इथेच राहिलेली. लांबचं नातंही होतं, पण ते नेमकं कुठून लागतं हे सांगायला बसलं तर जेवण व्हायचं. त्यामुळे सीतारामराव मामा आणि त्यांची बायको धनलक्ष्मी वैनी, एवढ्यावर भागत होतं.

भाडं ठरलं ते वैद्यनाथच्या वडिलांच्या वेळी. तमिळनाडूतला भाड्याचा कायदा असा, की जुन्या भाडेकरूला सुखासुखी उठवता येत नाही आणि भाडंही मनाला येईल तसं वाढवता येत नाही. पोरं मोठी झाली, म्हातारी माणसं गेली, डाळ-तांदूळ कुठल्या कुठे पोचले, आणि भाडं आपलं होतं तिथेच बसून राहिलं. एका घराला महिन्याची कॉफी पावडर पुरणार नाही एवढं ते भाडं. कौलं बदलायची म्हटलं की सीतारामराव म्हणायचे, "भाड्यांत ढेकूण मारायचें औषध येत नाही, कौलें कोठून आणूं?" त्यात खोटं काही नव्हतं. भुवनेश्वरीनं आपण होऊन थोडं वाढवून देऊ केलं तर त्यांना तो अपमान वाटला. त्यांना थोडं नको होतं. त्यांना रस्त्यावर जे दिसत होतं ते हवं होतं.

रस्त्यावर दिसत होतं ते असं. दिल्लीत कोणीतरी देशाची दारं उघडली म्हणे, आणि तो वारा बघता बघता मेल वीदीत पोचला. वैद्याच्या ओट्यावर एसटीडी बूथ आला, वाण्याच्या माडीवर केबलवाल्याची तबकडी आली, आणि पोरांना काँप्युटर शिकवणारे लोक रस्त्यालगतची घरं शोधत फिरू लागले. ते जी रक्कम बोलत ती ऐकून शेजारीपाजारी आपल्याच भिंतींकडे नव्यानं बघायला लागले. दुसरीकडे भुवनेश्वरीनंही एकदा चौकशी करून बघितली होती. मेडिकल कॉलेज रस्त्याच्या पलीकडे, जिथे कालपरवापर्यंत भात लावत होते, तिथे दोन खोल्यांना वैद्यनाथचा निम्मा पगार मागत होते, आणि वर दहा महिन्यांचं भाडं आगाऊ. म्हणजे विनुताच्या लग्नाचं सोनं मोडायचं. घर सुटलं तर पोरीचं लग्न सुटलं, इतका सरळ हिशोब होता.

म्हणून घर खाली करायची नोटीस आली तेव्हा वैद्यनाथ ती हातात धरून तिथेच बसला आणि भुवनेश्वरी मात्र पदर खोचून उभी राहिली. सीतारामरावांनी भाडं घ्यायचं बंद केलं. भाडं घ्यायचं नाही, मग भाडं थकलं म्हणून ओरडायचं, ही मालकांची जुनी खेळी. भुवनेश्वरीनं नटराज नावाचा वकील गाठला आणि त्याच्या सल्ल्यानं दर महिन्याला शेजारच्या घराला मनिऑर्डर करायला लागली. पोस्टमन सायकल लावून पायरी चढायचा, सीतारामराव नको म्हणायचे, तो उतरून पुन्हा सायकलवर बसायचा. एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहणारी माणसं, अलीकडच्या फोडणीनं पलीकडे ठसका लागायचा, आणि भाडं मात्र पोस्टातून गावभर फिरून परत यायचं. चार वर्षं हा खेळ चालला. चार वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. शेवटी कोर्टानं सांगितलं, मालकाला राहायला घर आहे, हे घर त्याला स्वतःसाठी लागत नाही, अर्ज नामंजूर.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना नटराज तमिळमध्ये म्हणाला, "मामी, ते अपील करतील. करू द्या. दहा वर्षं जातील त्यात. तुम्ही फक्त एक करा. घराची किल्ली कोणाच्या हातात देऊ नका. बाकी माझ्यावर सोडा."

भुवनेश्वरीनं किल्ली कमरेला खोचली होती, तिच्यावरून हात फिरवला. ती हसली. कोणाला देईन मी किल्ली, असं तिला वाटलं.

त्याच वर्षी सीतारामरावांच्या मुलीचं, दिव्यश्रीचं, लग्न ठरलं, आणि त्यासाठी त्यांचा मुलगा हरिप्रसाद सिंगापूरहून आला. हरी लहानपणी भुवनेश्वरीकडेच अक्षरं गिरवायला बसायचा. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो सरळ त्यांच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसला. जणू मधली चार वर्षं झालीच नव्हती. भुवनेश्वरीला काय करावं सुचेना. तिनं कॉफी आणून दिली.

"तिकडे घर कसें आहे रे तुझें?" वैद्यनाथनं विचारलं.

"घर कसलें, एक खोली," हरी म्हणाला. "दुसऱ्याच्या घरांतली. मालकीण पाणी तापवूं देते, फोडणी करूं देत नाही. हिंगाचा वास येतो म्हणे. तीन वर्षांत तीन खोल्या झाल्या. करार संपला त्या दिवशीं पेटी बाहेर. तिथें मालकाला कोणी मामा म्हणत नाही."

भुवनेश्वरीला वाईट वाटलं. पोरगं वाळलंही होतं.

"मग तिथल्या माणसांनीं राहावें कोठें?" तिनं विचारलं.

"त्यांस सरकार देतें की. उंच उंच इमारती बांधून, हप्त्यानें. त्यांच्या माणसांस घर, आमच्यासारख्यांस खोली." हरीनं कॉफीचा पेला खाली ठेवला. "तिथलें सरकार स्वतःच्या पैशानें लोकांस घरें देतें, मामी. इथलें सरकार माझ्या बापाच्या घरावर पुण्य करतें."

तो हसून बोलला, म्हणून वैद्यनाथही हसला. भुवनेश्वरीच्या ते मनाला लागलं. सरकारनं तिला घर दिलं नव्हतं, दुसऱ्याच्या घरात बसायची परवानगी दिली होती, आणि त्याचा खर्च एका माणसाच्या माथी मारून ते मोकळं झालं होतं. हे तिला आधीपासून कळत होतं. पण कळलं म्हणून उठून रस्त्यावर जाऊन राहता येत नाही. तिनं हरीला जाताना वाटीभर चिंचेचं सार दिलं, हिंगाची फोडणी घालून.

लग्नाला पंधरवडा राहिला तेव्हा धनलक्ष्मी आली. हातात चांदीचं तबक, त्यात हळद, कुंकू, विडा, अक्षता. चार वर्षांनी ती या उंबऱ्याच्या आत येत होती. भुवनेश्वरीनं चटई अंथरली. धनलक्ष्मीनं कुंकू लावलं, विडा दिला, आमंत्रण दिलं, आणि मग उठायचं सोडून बसूनच राहिली.

"भुवना, एक मागायचें आहे. तूं नको म्हणालीस तर मी राग धरणार नाहीं."

"काय तें सांगा की वैनी."

"मुलाकडची माणसें बेंगळूरहून येतात. चाळीस डोकीं. मंडप मिळाला, पण उतरवूं कोठें? लॉजांत ठेवितों म्हटलें तर मुलाची आजी सोंवळ्याची, नळाचें पाणी चालत नाही, विहीर पाहिजे. आमच्या घरांत तर ठेवतां येत नाहीं, मुलीच्या घरीं जानवसा कसा करायचा? तुझें घर विहिरीचें, आपल्या माणसांचें." तिनं तबकाच्या काठावरून बोट फिरवलं. "चार दिवस. ह्यांनीं विचारायचें धाडस केलें नाहीं. म्हणून मी आलें."

जानवसा, म्हणजे वराकडची मंडळी उतरतात ते घर. मेल वीदीत जानवशाला घर मागितलं आणि कोणी नाही म्हणालं, असं आजवर झालं नव्हतं. भांडण असो, भाऊबंदकी असो, बोलणं नसो. सारवण करून, दारात कोलमची रांगोळी काढून, विहिरीवर नवा दोर टाकून, घरवाली किल्ली तबकात ठेवून देते आणि आपण कोणाकडे तरी जाऊन राहते. वैद्यनाथच्या बहिणीच्या लग्नात सीतारामरावांचं घर असंच जानवसा झालं होतं. तेव्हा याच धनलक्ष्मीनं, पोटात सात महिन्यांचा हरी घेऊन, आपला संसार माडीवर उचलला होता.

धनलक्ष्मीनं ती आठवण काढली नाही. काढायची गरजही नव्हती.

ती गेल्यावर विनुता आतून आली. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून निघायचं तमिळ. ती म्हणाली, "अम्मा, वकिलांनी काय सांगितलंय? किल्ली देऊ नकोस."

"लग्नास किल्ली दिली तर ती कोर्टांतली किल्ली नव्हे," वैद्यनाथ म्हणाला. "कोर्ट कोर्टाच्या जागीं. उद्यां आपल्या घरीं लग्न निघालें तर?"

हे शेवटचं वाक्य त्यानं विनुताकडे बघून म्हटलं, आणि तिथेच सगळं ठरलं. पण दोष वैद्यनाथवर ढकलायचा नाही. भुवनेश्वरीनं आपल्या मनानंच ठरवलं. नाही म्हटलं असतं तर घर राहिलं असतं आणि मेल वीदीतून तिचं नाक गेलं असतं. कोर्टात मालकाला उभं-आडवं घेणाऱ्या बाईलाही नाक लागतंच. शिवाय आपण काही बावळट नाही, अशी तिची स्वतःबद्दल खात्री होती. तिनं एक युक्ती केली. देवघराच्या खोलीला स्वतःचं कुलूप लावलं आणि ती किल्ली कमरेला ठेवली. आतले देव तिच्या सासऱ्याच्या वडिलांपासूनचे. जोवर माझे देव आत आहेत तोवर घर माझं, कोण काढतो बघू, असं ती म्हणाली. मग भांडीकुंडी, ट्रंका, गाद्या बैलगाडीत घालून सगळे पापनाशमला वैद्यनाथच्या बहिणीकडे गेले. घराची किल्ली तिनं तबकात ठेवून, वर हळदीकुंकू वाहून, जमलेल्या वीसजणांसमोर धनलक्ष्मीला दिली. नटराजला सांगितलं नाही. तो काय म्हणेल हे तिला माहीत होतं.

लग्न छान झालं. भुवनेश्वरी सगळे दिवस राबली, वराच्या आजीला विहिरीचं पाणी स्वतः शेंदून दिलं. आजी जाताना तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "घर लक्ष्मीचें आहे हो तुमचें." शेजारी सीतारामराव उभे होते. त्यांनीही मान हलवली.

मंडळी गेली त्या संध्याकाळी भुवनेश्वरी किल्ली मागायला गेली. सीतारामराव आरामखुर्चीतून उठून उभे राहिले. चार वर्षांत पहिल्यांदा ते तिच्याशी नीट बोलले.

"चाळीस माणसांनीं घर खराब केलें आहे. तसेंच तुझ्या हातीं देऊं? चुना लावून, फरशी नीट करून देतों. आणि आतां चार दिवसांवर आडी. आडींत का कोणी घरांत पाऊल टाकतें? आवणींत चांगला दिवस बघून दूध तापवून या."

आडी हा तमिळांचा आषाढ, आवणी त्याच्या पुढचा महिना. त्या महिन्यात तंजावरात कोणी घर बदलत नाही, नव्या घरात शिरत नाही, सूनसुद्धा माहेरी पाठवतात. भुवनेश्वरीच्याही ते हाडात होतं. चार दिवसांत चुना वाळणार नव्हता आणि आडीत आपण होऊन उंबरा ओलांडायचा तिला धीर नव्हता. देव घरात होतेच. तिला उलट बरंच वाटलं, की इतक्या वर्षांनी मालक आपल्या खर्चानं घर नीट करतोय.

"आणि ह्या महिन्याची मनिऑर्डर करूं नको," सीतारामराव हसून म्हणाले. "घरांत राहत नाहींस, मग भाडें कसलें? घेतलें तर लोक मला शेण घालतील तोंडांत."

भुवनेश्वरीचे डोळे भरून आले. लग्नानं माणसं बदलतात, असं तिनं त्या रात्री पापनाशमला नणंदेला सांगितलं.

तो महिना ती पापनाशमहून बसनं शाळेत यायची. एकदा शाळा सुटल्यावर घराकडे गेली. गवंडी काम करत होते, हरी तिथे उभा होता. पुढच्या दालनात नवी गुळगुळीत फरशी बसत होती. ती फिरून फिरून बघत राहिली. स्वयंपाकघराकडे बोट दाखवून गवंड्याला म्हणाली, इथे उभ्यानं काम करता येईल असा कट्टा घाला, माझे गुडघे दुखतात. गवंड्यानं हरीकडे बघितलं. हरी म्हणाला, "मामी सांगते तसें करा." देवघराचं कुलूप जागेवर होतं, तिनं ओढून पाहिलं. मग हरीला आशीर्वाद देऊन ती बसस्टँडवर गेली. पुढे कित्येक दिवस तिला त्या कट्ट्याची आठवण आली की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं.

आवणी लागली. पहिल्याच चांगल्या दिवशी तिघं पहाटेच्या गाडीनं आले. भुवनेश्वरीच्या हातात नवं पितळी पातेलं, गृहप्रवेशाला चुलीवर तापवायचं नणंदेच्या गाईचं दूध, विनुताकडे तांदूळ, मीठ आणि हळद. मेल वीदीत वळल्यावर आधी विनुता थांबली.

तिण्णै नव्हती. तिच्या जागी तीन पायऱ्या होत्या आणि काचेचा दरवाजा. वर निळी पाटी, काँप्युटर शिकवणाऱ्या कोणत्यातरी क्लासची. आत गारवा सोडणारं यंत्र घरघरत होतं, रांगेनं काँप्युटरचे पडदे उजळले होते, आणि पोरंपोरी मोजे घालून बसली होती. टेबलामागची मुलगी उठून बाहेर आली आणि पातेल्याकडे बघत तमिळमध्ये म्हणाली, "दूध मागच्या दारानं द्या."

भुवनेश्वरी तशीच शेजारच्या दारात गेली. हरीच बाहेर आला.

"हें कधीं झालें?" तिनं विचारलं.

"दोन आठवडे झाले, मामी."

"आडींत?"

"करार तारखेनें होतो," हरी म्हणाला. तो उर्मट बोलला नाही. सिंगापूरला त्याची पेटी बाहेर ठेवणारी बाईही बहुधा असंच, आवाज न चढवता बोलली असावी.

सीतारामराव आत होते. त्यांचं खोकणं ऐकू येत होतं. ते बाहेर आले नाहीत. आली धनलक्ष्मी. तिच्या हातात तेच चांदीचं तबक होतं, आणि तबकात रेशमी वस्त्रात गुंडाळलेले भुवनेश्वरीचे देव.

"उपाध्यांस बोलावून सगळें शास्त्रानें केलें, भुवना," ती म्हणाली. "कुलूप काढिलें तेंही मुहूर्त बघून. सोंवळ्याशिवाय कोणी बोट लाविलें नाहीं. नैवेद्य दाखवून मग उचलिले."

"तुम्हांस ठाऊक होतें, वैनी? तबक घेऊन आलांत तेव्हां?"

धनलक्ष्मीनं देव विनुताच्या हातात दिले, मग बोट कुंकवात बुडवून भुवनेश्वरीच्या कपाळाकडे नेलं. आणि भुवनेश्वरीनं मान पुढे केली. कोणी कुंकू लावायला हात पुढे केला की मान पुढे जाते, तिला सवयच तशी होती. कुंकू लागल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते. राग धनलक्ष्मीचा आला नाही इतका तिला त्या मानेचा आला.

नटराजनं सगळं ऐकून घेतलं. मग बोटं न मोडता, न ओरडता नुसता सांगत गेला. किल्ली तुम्ही स्वतःच्या हातानं दिलीत, तबकात ठेवून, वीसजणांसमोर. दुसऱ्या दिवशी आला असतात तर काही करता आलं असतं. तुम्ही महिनाभर गप्प राहिलात. त्या महिन्याचं भाडं पाठवलं नाहीत, आणि चार वर्षं तुमचा पुरावा तेवढाच होता. आता ते म्हणतील, भाडेकरूनं राजीखुशीनं घर सोडलं. आणि मामी, गवंड्यासमोर कट्टा घालायला सांगितलात म्हणता, तर तो गवंडी सांगेल की बाईंचा कशालाच विरोध नव्हता.

"पण आडी होती," भुवनेश्वरी म्हणाली.

"कोर्टाला आडी नाही, मामी," नटराज म्हणाला. "लढायचं तर लढू. पण आत राहून लढणं वेगळं आणि बाहेर राहून वेगळं. दहा वर्षं लागतील म्हणालो होतो ना. ती आता तुमची."

ती लढली नाही. दहा वर्षं भाड्याच्या घरात राहून भाड्याच्या घरासाठी लढायचं तर दोन्हीकडे पैसे लागतात. विनुताचं सोनं मोडलं आणि मेडिकल कॉलेज रस्त्यापलीकडच्या नव्या वसाहतीत दोन खोल्या आणि पुढे एक ऐसपैस दालन असलेलं घर भाड्यानं घेतलं. ज्यानं ते बांधलं तो दुबईला होता. त्याचा मेहुणा करार घेऊन आला, अकरा महिन्यांचा, म्हणजे बारावा महिना लागून भाडेकरू जुना होता कामा नये. भुवनेश्वरीनं प्रत्येक कलम दोनदा वाचून सही केली. मेहुण्याला ती दादा म्हणाली नाही, त्यानंही तिला मामी म्हटलं नाही. व्यवहार चोख होता, कोणी कोणाला फसवलं नाही, आणि दर अकरा महिन्यांनी भाडं वाढत गेलं. वैद्यनाथचा पगार घरात यायचा तो दारातूनच परत जायचा. विनुतानं शिक्षण सोडून एका कापडाच्या दुकानात नोकरी धरली. तिला बघायला येणारी माणसं एकदा येऊन पुन्हा येत नसत.

दुसऱ्या वर्षी समोर राहणाऱ्या राजमच्या मुलीचं लग्न निघालं. राजम नवऱ्यानं टाकलेली, ओरत्तनाडूकडची, घरात शिवणकाम करून पोरगी वाढवलेली. या वसाहतीत भुवनेश्वरीशी मराठी बोलणारी ती एकटीच. ती आली तेव्हा हातात तबक होतं, स्टीलचं, पण त्यात हळद, कुंकू, विडा, अक्षता सगळं नीट मांडलेलं. भुवनेश्वरीनं ते बघितलं आणि चटई अंथरली नाही.

"अक्का, दोन रात्रींसाठीं," राजम म्हणाली. "मुलाकडची पंधरा माणसें आहेत. तुमचें पुढचें दालन मोठें. माझ्या एका खोलींत मी त्यांस कोठें निजवूं? आपल्यांतली तुम्हीच, म्हणून विचारिलें."

हे घर काही राजमच्या मालकीचं नव्हतं, मध्ये कोर्ट नव्हतं. तिला दोन रात्री हव्या होत्या, एवढंच होतं. भुवनेश्वरीला हे स्वच्छ दिसत होतं.

"करारांत आहे," ती म्हणाली. "बाहेरचीं माणसें ठेवायचीं नाहींत. मालक घर खालीं करवील."

कलम खरंच होतं. पण दुबईचा मालक बघायला येणार नव्हता, मेहुणा भाड्याच्या दिवसाखेरीज फिरकत नसे, आणि हे राजमलाही ठाऊक होतं. ती रागावली नाही. म्हणाली, "असूं दे अक्का, बघतें काहीतरी," आणि जाताना कुंकू लावायला बोट पुढे केलं. या वेळी भुवनेश्वरीची मान पुढे गेली नाही. राजमला हात लांब करावा लागला.

विनुता दारात उभी होती. जिनं एकदा किल्ली देऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, तीच आता आईकडे बघत होती.

लग्नाच्या सकाळी भुवनेश्वरी आहेर घेऊन गेली. वराकडच्या माणसांनी रात्र राजमच्या अंगणात ताडपत्रीखाली काढली होती. वराची मावशी, साठीची बाई, रस्त्याकडेच्या नळावर पाय धुऊन तांदळाच्या पोत्यावर टेकली होती. डासांनी तिचे हात सुजले होते. राजमनं ओळख करून दिली, "ह्या आमच्या शेजारच्या. आपल्यांतल्याच."

मावशीनं समोरच्या, भुवनेश्वरीच्या घराकडे बघितलं. दालनाचं दार उघडंच होतं, आत रिकामी फरशी लांबवर दिसत होती. मेल वीदीतल्या त्या आजीसारखंच ती मनापासून म्हणाली, "घर मोठें आहे हो तुमचें."

मेल वीदीतल्या घराला भुवनेश्वरी लग्न होऊन आल्यापासून आमचं घर म्हणत आली होती. कोर्टात, उलटतपासणीत, मालकाच्या वकिलासमोरसुद्धा तिच्या तोंडून आमचं घर असंच निघायचं, आणि नटराज तिला खुणेनं गप्प करायचा.

"आमचें नव्हे तें," ती म्हणाली. "भाड्याचें आहे."

आणि आहेराचं पाकीट राजमच्या हातात देऊन, जेवायला न थांबता, ती घरी आली आणि दालनाचं दार लावून घेतलं.